आपत्ती आणि अप्रमाद : लातूर परिसरातील निसर्गसंकटांचा विचार

आमच्या निवासी शाळेत रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी मुलांची मोजणी होते. कोण आजारी आहे, कोण गावी गेले आहे, याची वहीत नोंद होते आणि मग वसतिगृहाच्या व्हरांड्यातील जाळीच्या दरवाजाला कुलूप लागते. ही शिस्त आम्ही अनेक वर्षे अभिमानाने पाळत आलो. आईबापांनी आपली लेकरे विश्वासाने आमच्या स्वाधीन केली आहेत. त्या विश्वासाची राखण म्हणजे ते कुलूप, असे आम्ही मानत होतो. परंतु ज्या भूमीवर ही शाळा उभी आहे, त्या भूमीचा इतिहास ध्यानात घेता हे कुलूप मुलांचे रक्षण करते की त्यांची वाट अडविते, हा प्रश्न आम्हांला एके दिवशी स्वतःलाच विचारावा लागला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून सिद्ध झाला आहे.

शाळेच्या वाटचालीचा गौरव या स्मरणिकेतील अन्य लेखांत वाचकांस लाभेलच. येथे आम्ही आपल्या लातूर-धाराशिव परिसरावर येणाऱ्या भूकंप, वीज, वादळ, अवर्षण व पूर या संकटांची कारणमीमांसा करू इच्छितो. ही कारणे एकामागून एक तपासताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एका भयापासून वाचण्यासाठी माणूस जो आसरा उभारतो, तोच आसरा दुसऱ्या भयाच्या वेळी त्याच्यावर उलटतो. म्हणून आसरा उभारून भागत नाही; तो कोणत्या संकटासाठी उभारला आणि कोणत्या संकटात घातक ठरेल, याचा विचार सतत जागता ठेवावा लागतो. या जागेपणालाच भगवान बुद्धांनी अप्रमाद म्हटले आणि महापरिनिर्वाणसमयीच्या अखेरच्या उपदेशातही भिक्खूंना त्याचीच आठवण करून दिली.

जाड भिंतीचे घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गाढ झोपलेली गावे हादरली. औसा तालुक्यातील किल्लारी, तसेच तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांसह तेरणेच्या खोऱ्यातील कितीतरी गावे काही सेकंदांत दगडमातीच्या ढिगाऱ्यांत बदलली. निरनिराळ्या नोंदींनुसार सुमारे आठ ते दहा हजार माणसे त्या पहाटे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींची घरे या पुनर्वसित गावांतच आहेत.

या भूकंपाचे परिमाण निरनिराळ्या संस्थांनी ६.२ ते ६.४ असे मोजले. जगाच्या पाठीवर या आकाराचे भूकंप दरवर्षी शंभराच्या आसपास होतात आणि त्यांतील बहुतेकांत फारशी प्राणहानी होत नाही. मग येथेच एवढा संहार का झाला?

पहिले कारण भूगर्भातील आहे. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते. त्यामुळे हादऱ्याचा जोर वाटेत फारसा न ओसरता थेट गावांपर्यंत पोहोचला. दुसरे कारण वेळेचे. सारे गाव घरात निजलेले होते. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण घरांचे होते. आपल्या भागातील जुने घर म्हणजे खणांचे, माळवदाचे घर. किती खणांचे घर, यावरून घराण्याची ऐपत सांगितली जाई. लाकडी खांब आणि तुळया माळवद पेलत. त्यावर पांढऱ्या मातीचा थर असे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर नवी माती चढत राही आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ओझे वाढत जाई. भोवती दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत. ती चोरापासून, उन्हापासून आणि थंडीपासून रक्षण करी. बाहेरून ती किल्ल्यासारखी भक्कम दिसे. पण आत तिची रचना निराळी होती. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला दगडांचे दोन थर, मधली पोकळी दगडगोटे व चिखलाने भरलेली, आणि हे दोन थर एकमेकांशी बांधणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. चिखल वजन पेलतो, परंतु हिसका पेलत नाही. जमीन आडवी हालली तेव्हा भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, दगड ढासळले, वरून मातीचा भार कोसळला आणि निजलेली माणसे त्याखाली गाडली गेली. अनेकांचा मृत्यू माराने नव्हे, तर मातीत श्वास कोंडून झाला.

त्याच गावांच्या कडेला कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्याही होत्या. ज्यांना दगड आणि लाकूड परवडत नव्हते, त्यांची ती वसती. त्या झोपड्या हालल्या, वाकल्या, काही पडल्याही. परंतु त्यांच्याखाली दडपून मरण्याइतका भार त्यांच्यात नव्हताच. पुढे झालेल्या अभ्यासांत हा भेद स्पष्ट नोंदविला गेला. वाड्याला जीव घेण्याइतके वजन होते. झोपडीला ते नव्हते. यात गरिबीचे गुणगान नाही, कारण तीच झोपडी पुरात वाहून जाते आणि आगीत जळते. बोध एवढाच की जाडी म्हणजे मजबुती नव्हे. हलके छप्पर, भिंतीतील आरपार दगड, चौकटींच्या वरून साऱ्या घराला कमरपट्ट्यासारखा वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांची पक्की बांधणी यांनी दगडी घरही भूकंपात टिकाव धरू शकते.

आणखी एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. १९९२ च्या उत्तरार्धातच किल्लारी भागात लहान धक्के जाणवले होते, जमिनीतून आवाज आले होते. लोक धास्तावले, पुढे धक्के ओसरले आणि भीतीही ओसरली. भूकंपाचे भाकीत विज्ञानाला आजही करता येत नाही, म्हणून त्या धक्क्यांवरून पुढील तारीख कोणी सांगू शकले नसते. परंतु घरे तपासता आली असती. त्या वेळी देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे सन २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात घातला गेला. नकाशा बदलला तो माणसे गेल्यानंतर.

कोप की कारण?

भूकंपानंतर 'देवाचा कोप झाला', 'मागच्या जन्मीचे भोगले' असे उद्गार निघाले. दुःखाने पिळवटलेल्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आम्ही हिणवू इच्छित नाही. परंतु विद्यार्थ्यांना हे उत्तर देऊन आम्हांला थांबता येणार नाही. संयुक्त निकायातील सिवक सुत्तात हाच प्रश्न बुद्धांपुढे आला आहे. माणसाला जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्माचेच फळ, हे मत त्यांनी तेथे नाकारले. वेदनेची अनेक कारणे त्यांनी सांगितली. पित्त, कफ, वात यांच्याबरोबर ऋतूंमधील बदल हेही त्यांत एक कारण म्हणून मोजले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा पुढे नेला. गरिबांच्या हालांचे खापर त्यांच्या मागच्या जन्मावर फोडले, की समाज आणि शासन आपल्या जबाबदारीतून अलगद सुटतात, हे त्यांनी दाखवून दिले.

निसर्गसंकटांना हा विचार तंतोतंत लागू पडतो. प्रतीत्यसमुत्पादाचे सूत्र असे की हे असेल तर ते होते. हे नसेल तर ते होत नाही. जमीन हालणे आपल्या हाती नाही. पण जमीन हालणे, जड माळवद, आरपार दगड नसलेली भिंत आणि निजलेले गाव, ही सारी कारणे एकत्र आली म्हणून आपत्ती घडली. त्यांतील एक कारण जरी काढून घेतले, तरी तिचे रूप बदलते.

पत्रा आणि झाड

१९९३ नंतर अनेकांचा दगडावरचा विश्वास उडाला. घराघरांवर पत्रे आले. हलका पत्रा डोक्यावर पडला तरी माणूस वाचतो, हा हिशोब बरोबरच होता. परंतु पत्र्याला वाऱ्याचे भय आहे. वैशाखाच्या अखेरीस आणि मृगाच्या तोंडावर दुपारनंतर आभाळ भरून येते, वावटळ सुटते आणि वारा पत्र्याखाली शिरून त्याला उचलतो. पत्रा उडू नये म्हणून आपण त्यावर काय ठेवतो? दगड! ज्या दगडाच्या भीतीने पत्रा आणला, तोच दगड आपण पुन्हा आपल्या डोक्यावर चढवितो. वादळात पत्र्यासह तो खाली येतो. पत्रा आकड्यांच्या बोल्टांनी खालच्या लोखंडी वा लाकडी आधाराशी घट्ट आवळणे आणि ते आधार भिंतीत पक्के बांधणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्याचा खर्च नव्या पत्र्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असतो.

त्याच आभाळात वीज असते. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. भूकंप एका रात्रीत हजारो बळी घेतो, म्हणून त्याचे स्मारक होते. वीज एकेका शिवारात एकेकाला गाठते, म्हणून तिची बातमी दुसऱ्या दिवशी विरून जाते. मराठवाड्यात दोन काळ विशेष धोक्याचे. एक मोसमी पावसाच्या आधीचा आणि दुसरा परतीच्या पावसाचा. हा दुसरा काळ नेमका सोयाबीन काढणीचा असतो. रानात मजूर स्त्रिया असतात, सर आली की त्या बांधावरच्या झाडाखाली धावतात. पावसापासून वाचविणारे झाड विजेपासून वाचवीत नाही. उलट उंच असल्याने तेच तिला जवळ करते. वीज झाडावर पडली तरी ती खोडावरून शेजारच्या माणसाकडे उडी घेते किंवा मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते. एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे तो प्रवाह शरीरातून जातो. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरे एकदम दगावतात.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज आपल्या खेड्यांत अजून टिकून आहे. पायाकडून जन्मलेल्या मुलाला पावसात बाहेर पडू देत नाहीत आणि इतर मुले मात्र खुशाल मैदानात खेळतात. विजेला जन्मवेळ कळत नाही. ती उंची, टोक आणि मोकळे रान ओळखते. म्हणून भय एकाला घालण्याऐवजी नियम सर्वांनी पाळावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती आपल्यापर्यंत येऊ शकते. तत्काळ पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. जवळ कोठलाच आसरा नसेल तर झाड, विजेचा खांब आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्या भोवतालच्या विजेची सूचना मोबाईलवर देते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावण्यात धोका नाही. श्वास व नाडी थांबली असेल तर तत्काळ छातीवर दाब देऊन हृदयक्रिया चालू करण्याचा प्रयत्न करावा. 'हात लावू नका' या गैरसमजापोटी वाचू शकणारी माणसे गेली आहेत.

कोरडे पात्र, भरलेले पात्र

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून येणाऱ्या त्या पाण्याच्या गाडीचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. शहराची तहान भागविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पुढे अवघ्या पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष बंगालच्या उपसागराकडून मराठवाड्यावर आले आणि त्याच मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. एकच धरण, एकच नदी, आणि दोन्ही टोकांची संकटे.

येथेही आसरा उलटतो. अवर्षणात तग धरावा म्हणून आपण बोअर घेतो; शेजाऱ्याचे आटले की तो अधिक खोल जातो, मग आपण त्याहून खोल. बेसाल्टच्या कातळात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच साठते. ते जितके उपसावे तितके पुढचे अवर्षण कठीण होते. आणि कोरड्या वर्षांत ओढ्याचे पात्र ओसाड दिसते, म्हणून त्यात भराव पडतो, शेड उभे राहते, पात्र अरुंद होते. ओढा मात्र आपली वाट विसरत नाही.

या ठिकाणी आपल्या समाजाच्या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. जातिव्यवस्थेने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला अनेक गावांत ओढ्याकाठची, सखल जागा आली. आजही पाणी चढते तेव्हा काही वस्त्यांत ते आधी शिरते आणि उशिरा ओसरते. ही निसर्गाची निवड नव्हे. ती माणसांनी केलेली वाटणी आहे. म्हणून घरकुलाची जागा ठरताना, नाल्यावरचा पूल बांधताना, आराखड्यावर ग्रामसभेत प्रश्न विचारणे हेही आपत्तीपासूनचे संरक्षणच आहे. शिकलेल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. तोपर्यंत एक नियम घरोघरी सांगावा. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर ओलांडू नये. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडते आणि दोन फूट पाणी मोटार वाहून नेते.

आमचे कुलूप

आता पुन्हा वसतिगृहाकडे वळू. हा सारा विषय वर्गात शिकविल्यानंतर मुलांनीच आम्हांला विचारले, की रात्री भूकंप झाला तर आपण बाहेर कसे जायचे? त्यानंतर आम्ही पहिली रंगीत तालीम घेतली. ती फसली, आणि ती कशी फसली हे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. घंटा झाली तेव्हा मोठी मुले आपापल्या पत्र्याच्या पेट्या घ्यायला वळली. लहान मुले पांघरुणात शिरली. कुलपाची किल्ली अधीक्षकांच्या खोलीत, मैदानाच्या पलीकडे होती. सर्व मुले बाहेर आली तेव्हा ती मोजण्याची वही कार्यालयातील कपाटात बंद होती. रोज रात्री मोजणी करणाऱ्या आम्हांला, ज्या क्षणी मोजणी खरोखर हवी होती, त्या क्षणी ती करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही इमारत नव्याने पाहिली. पलंगांच्या वरच्या फळ्यांवर रचलेल्या पेट्या खाली आल्या. दोन दरवाजे आत उघडत होते, ते बाहेर उघडतील असे करून घेतले. मोजणीच्या वहीची एक प्रत दाराशी टांगली. हादरा चालू असताना काँक्रीटच्या इमारतीत धावायचे नाही. पलंगाच्या वा टेबलाच्या आडोशाला खाली वाकायचे, डोके झाकायचे, आधार धरायचा, आणि हादरा थांबल्यावर रांगेने बाहेर पडायचे, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पाडला. प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान मूल सोपविले. आकाशात गडगडाट होताच मैदान रिकामे करण्याची घंटा वेगळी ठेवली.

कुलपाचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. मुलींच्या वसतिगृहाचे कुलूप काढा, असे म्हणणे सोपे. पण ते ज्या भयासाठी लावले ते भयही खोटे नाही. पालकांच्या सभेत यावर मोठी चर्चा झाली. एका आईने म्हटले, 'बाहेरचा आत येऊ नये, पण माझी लेक आत अडकू नये.' याहून नेमके कोणाला सांगता आले नाही. आता दरवाजाला बाहेरून कुलूप नाही. आतून कडी आहे. सेविका आतच निजते आणि रात्रपाळीचा पहारेकरी बाहेर असतो. यात एका माणसाचा पगार वाढला आणि काटकसर दुसरीकडे करावी लागली. परंतु कुलपाने स्वस्तात मिळणारी निश्चिंती किती महाग पडू शकते, हे आम्हांला आता समजले आहे.

आमच्या मुलांपैकी बहुतेक जण सुट्टीत ज्या घरी जातात, ती घरे अजून दगडमातीची, पत्र्याची किंवा ओढ्याकाठची आहेत. म्हणून दर सुट्टीपूर्वी आम्ही त्यांना एक काम देतो. घरी गेल्यावर आजी-आजोबांबरोबर घराभोवती एक फेरी मारायची आणि पाहायचे: पत्र्यावर दगड आहेत काय, निजण्याच्या जागेवर फळीवर जड वस्तू आहेत काय, भिंत कोठे पोट काढून आली आहे काय, पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, वीज चमकू लागली तर रानातून सर्वांत जवळचे पक्के छप्पर कोणते. उत्तरे वहीत लिहून आणायची. गेल्या खेपेस एका विद्यार्थ्याने लिहून आणले, की आजोबांनी माळवदावरची दोन घमेली नव्हे, तर गाडाभर माती उतरवून घेतली. १९९३ ची ती पहाट त्यांनी पाहिलेली होती. पण माळवदावरचे ओझे मोजायला त्यांना नातवाने सांगावे लागले.

जमीन पुन्हा केव्हा हालेल हे आम्हांला ठाऊक नाही. परतीच्या पावसात वीज कोणत्या शिवारात उतरेल हेही ठाऊक नाही. परंतु आमच्या छपराचे वजन, दाराची दिशा, ओढ्याचे पात्र आणि किल्लीची जागा या गोष्टी आमच्या हातच्या आहेत. रात्रीची मोजणी आमच्या शाळेत आजही होते. आता ती झाल्यावर मोजणी करणारा शिक्षक आतली कडी एकदा उघडून पाहतो, आणि मगच दिवे मालवले जातात.